हाताने बसवलेला आवाज

आमच्या सालवडच्या घरात माणसं तीन होती आणि आवाज चार. चौथा आवाज कॉम्प्युटरचा. पुरुषी, सपाट, बारा महिने सर्दी झाल्यासारखा, आणि इतका भरधाव की नव्या माणसाला वाटावं, कुणीतरी तोंडात फुटाणे भरून स्तोत्र म्हणतंय. सकाळी आईची भाकरी थापण्याची थपथप, गल्लीतून पहिल्या पाळीला निघालेल्या सायकलींच्या घंट्या, एमआयडीसीकडून येणारा भोंगा, आणि या सगळ्यावर हा गृहस्थ सुरू असायचा: "बॉयलर पेटवण्यापूर्वी पाण्याची पातळी तपासा." आई तव्यावरची भाकरी उलटताना त्याला उत्तर द्यायची, "तपासली रे बाबा, तपासली. आता जरा गप रेव." तिने त्याचं नाव भाऊजी ठेवलं होतं. दिवसभर घरात बसून बोलत राहणारा आणि एका पैशाचं काम न करणारा माणूस नवऱ्याचा भाऊच असणार, असं तिचं म्हणणं.

पप्पा घाटावरचे, माण तालुक्यातले. तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून लागले आणि इथलेच होऊन गेले. आई चिंचणीच्या बाजूच्या वाडीतली, चिकू आणि नारळाच्या सावलीत वाढलेली. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, फक्त भाकरीवर एकमत नव्हतं. पप्पांना ज्वारीची लागे, आईचा हात तांदळाच्या भाकरीवर बसलेला. "तुमची ती भाकरी थापायला पैलवान आणा, आमी नाय थापणार," असं ती रोज म्हणे आणि दर रविवारी थापत असे. थंडी पडली की वाडीतून आजोबा कोनफळ, शेंगा, वांगी पाठवायचे, मग आई मडक्यात उकडहंडी लावायची. तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. सालवडच्या हवेत एरवी कसले कसले वास असायचे ते आता सांगत नाही. त्या वासांतही आईची उकडहंडी आपली जागा करून घ्यायची एवढं सांगितलं तरी पुरे.

मी दहावीत होते तेव्हा पप्पांना काचबिंदूने गाठलं. आधी बाजूचं दिसेना, मग हळूहळू समोरचंही गेलं. बॉयलरच्या कामात डोळे हवेतच, त्यामुळे नोकरी संपली. त्यानंतर एक वर्ष ते खाटेवर भिंतीला टेकून बसून होते. त्या वर्षाबद्दल मला लिहवत नाही. मग एक दिवस रामसजीवन दारात आला. शेजारच्या कारखान्यात कोळसा ओढणारा, उत्तर प्रदेशातला, विशी-बाविशीचा. त्याला बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यायची होती. "सर, वो इंजेक्टर वाला समझा दो ना, किताब में कुछ समझ नहीं आता," म्हणाला. पप्पांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला, आणि महिन्याभरात पहिली पाळी सुटली की आमच्या उंबऱ्याबाहेर आठ-दहा चपला दिसायला लागल्या. चार वाजता क्लास. पोरं चटईवर, पप्पा खाटेवर. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला तो तेव्हा.

पण शिकवायला टिपणं लागतात. मी वाचून दाखवायची, लिहून घ्यायची, पण माझं कॉलेज होतं, माझा कंटाळाही होता. यावर तोडगा काढला वझे काकांनी. काका पास्थळला राहायचे, मोजमापाच्या उपकरणांचं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी मुलाचा जुना कॉम्प्युटर आणून आमच्या टेबलावर ठेवला, त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टम चढवली आणि पप्पांना म्हणाले, "शंकरराव, हा तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही टाइप करा, तो म्हणेल. चुकलात तरी म्हणेल." पप्पांनी दोन महिन्यांत टायपिंग शिकून घेतलं. बॉयलर चालवणाऱ्या बोटांना कीबोर्ड म्हणजे काय, असा त्यांचा तोरा होता.

अडचण एकच होती. लिनक्सबरोबर आलेला बोलणारा प्रोग्रॅम मराठी जाणत नव्हता. हिंदीच्या चालीवर मराठी वाचायचा, आणि ते ऐकून पप्पांचं डोकं उठायचं. म्हणून काकांनी त्या प्रोग्रॅमचा मूळ कोड उतरवून घेतला, त्यात मराठीचे नियम स्वतः घातले आणि आमच्या मशीनवरच तो बांधून, म्हणजे कोडापासून चालता प्रोग्रॅम तयार करून, हाताने बसवला. हाताने बसवणं म्हणजे काय ते त्यांनी मला त्या दिवशी समजावलं, आणि इतक्या वर्षांत त्याहून चांगलं कुणी समजावलेलं मी ऐकलं नाही. म्हणाले, "मेघा, सिस्टममधला पॅकेज मॅनेजर म्हणजे रेशनकार्ड समज. त्यातून जे प्रोग्रॅम येतात त्यांची नावं कार्डावर असतात. कुठल्या फाईली आल्या, कुठे ठेवल्या, काढायचं झालं तर काय काढायचं, सगळं त्याला पाठ. पण हा आपण हाताने बसवलेला म्हणजे घरात राहणारी आत्या. कार्डावर नाव नाही. तिला कोणी हाकलायला येणार नाही आणि तिची विचारपूसही कोणी करणार नाही. तिचं आपणच बघायचं." आत्याला राहायला वेगळी खोली होती, युजर लोकल नावाचा फोल्डर. सिस्टमच्या कितीही अपडेट येवोत, त्या या खोलीत पाऊल टाकत नाहीत, असा लिनक्सचा रिवाज.

म्हणून वही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. हाताने जे जे करू ते त्यात उतरवायचं, असा काकांचा दंडक होता: कोणती कमांड दिली, कोणती फाईल कुठे गेली, काय बदललं. रूटचा, म्हणजे मशीनच्या मालकाचा पासवर्डही पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेला होता, तो पप्पांना आणि मला दोघांना माहीत होता. पहिली पंधरा पानं माझं अक्षर मोत्यासारखं आहे. मग सैल पडत गेलं. त्यानंतर नुसत्या तारखा, आणि पुढे तर तारखाही नाहीत.

आणि नेमकं त्याच काळात पप्पा भाऊजींना शिकवत होते. टिपणं मराठीत, पण बॉयलरचे शब्द सगळे इंग्रजी: सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज ग्लास, ब्लो डाऊन. भाऊजी त्यांचा चेंदामेंदा करत. त्यासाठी एक शब्दांची फाईल होती. डावीकडे शब्द, उजवीकडे तो कसा म्हणायचा त्याच्या खुणा. एक ओळ घालायची, एक कमांड द्यायची, की भाऊजी तो शब्द शिकले. संध्याकाळी आई लसूण सोलत बसायची, पप्पा शब्द म्हणायचे, मी ओळ घालायची, भाऊजी म्हणून दाखवायचे. "नाही, व्ह वर जोर नको." पुन्हा. "आता बरं. पुढचा घे." कधी कधी एका शब्दावर आख्खी संध्याकाळ जायची आणि आई म्हणायची, "पोटच्या पोरीला बोलायला शिकवताना एवढी मेहनत नाय घेतली तुमी." दीड-दोन वर्षांत चारशेच्या वर शब्द झाले असतील. मी ते वहीत उतरवायचे होते. पहिले काही सोडले तर उतरवले नाहीत.

आज माझं पोट याच कामावर चालतं. पुण्यात एका ऑफिसात सर्व्हर सांभाळते. नवी पोरं कधी कधी एखाद्या मशीनवर काहीतरी हाताने बसवून ठेवतात, कुठेही नोंद करत नाहीत, आणि विचारलं तर खांदे उडवतात. मी त्यांच्यावर जरा जास्तच भडकते हे मला कळतं. मागे एकीने धीर करून विचारलंही, "मॅडम, एवढं काय त्यात?" तिला मी काही सांगितलं नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. एमआयडीसीतल्या एका कारखान्याने आजूबाजूच्या कामगारांसाठी ट्रेनिंग रूम काढली होती आणि बॉयलर शिकवायला माणूस हवा होता. पप्पांनी शिकवलेली पाच-सहा पोरं परीक्षा पास झाली होती, त्यामुळे नाव तिथवर पोचलं. पण आंधळा माणूस मास्तर म्हणून ठेवायचा कसा, हा प्रश्न साहेबांना पडणारच. गुरुवारी दोघे साहेब घरी येऊन क्लास बघणार आणि मग ठरवणार, असा निरोप आला. पप्पा वरवर शांत होते. पण त्यांनी आईकडून पांढरा शर्ट तीनदा इस्त्री करून घेतला. नोकरी गेल्यापासून कोणी त्यांना कामावर बोलावलेलं नव्हतं.

रविवारी आई-पप्पा वाडीवर गेले. जाताना आईने मला साफसफाई नेमून दिली. आमच्याकडे दिवाळीआधी घर आवरायचं म्हणजे प्रत्येक डबा उलटा करायचा आणि जे दोन असेल त्यातलं एक टाकून द्यायचं. आईचा तो कायदाच होता. "दोन-दोन कशाला ठेवतेस? जुनं हाय ते दे टाकून," असं दारातून ओरडून ती रिक्षात बसली. मी माळा झाडला, दोन पोळपाटांतला एक टाकला, दोन चाळण्यांतली एक टाकली. हात चालू होता, अंगात आवराआवरीचं वारं भरलं होतं. मग कॉम्प्युटरची धूळ पुसायला बसले तर पडद्यावर डिस्क भरत आल्याची सूचना. म्हटलं, चला, हेही आवरू. शोधताना दिसलं की बोलणारा प्रोग्रॅम दोनदा आहे. एक सिस्टमचा, नुकत्याच आलेल्या अपडेटमधला. त्याच्या आवृत्तीचा आकडा मोठा, आणि यादीत चक्क मराठीचं नाव. दुसरा युजर लोकलमधला काकांचा, आकडा लहान, वर्षानुवर्षं जुना. दोन-दोन कशाला? मी जुना पुसला. त्याचा मूळ कोड होता तो फोल्डरही पुसला. लिनक्समध्ये अशा पुसण्याला कचऱ्याचा डबा नसतो. गेलं ते गेलं. शब्दांची फाईल त्याच फोल्डरात राहत होती हे मला माहीत होतं. पण हात विचाराच्या पुढे गेला होता, आणि पुसून झाल्यावर मी समाधानाने चहा टाकला.

संध्याकाळी पप्पा आले, हातात चिकूची पिशवी, अंगाला वाडीचा वास. खुर्चीत बसून त्यांनी टिपणांची फाईल उघडली. स्पीकरमधून एक तरतरीत, नाकातला, अनोळखी आवाज आला. पप्पांचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. "हा कोण गं?" त्यांनी विचारलं. घरात कुणी परका शिरल्यावर विचारावं तसं. मी दचकले, आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "अपडेट आली वाटतं पप्पा. तिनेच बदललं असेल."

सोमवारी सकाळी मी वझे काकांना फोन लावला. ते नागपूरला मुलीकडे. त्यांनाही मी अपडेटचीच थाप मारली. ते म्हणाले, "विचित्रच आहे. पण घाबरू नकोस, मराठीचे नियम घातलेल्या कोडाची सीडी मी तुमच्या कपाटात ठेवलीय, वहीत बघ आणि बांध." वहीच्या पहिल्या पंधरा पानांनी मला हात दिला. एकेक कमांड वाचून मी कोड बांधायला घेतला. जुनं मशीन, पडद्यावरून ओळी सरकताहेत, पंखा घरघरतोय. त्यात दोनदा लाईट गेली. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर अणुवीज तयार होते आणि आमच्या गल्लीत काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून. चार वाजायला आले तेव्हा भाऊजी परत बोलले. तोच सर्दीचा आवाज. पप्पांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अजून विसरले नाही. आई आतून म्हणाली, "आले का भाऊजी? दोन दिवस कुठं शेण खायला गेलेले?"

क्लासची वेळ झाली होती. रामसजीवन सगळ्यांच्या आधी येऊन उंबऱ्यावर बसला होता. पप्पांनी हौसेने टिपणं लावली. भाऊजींनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत सेफ्टी व्हॉल्व्हचा चेंदामेंदा केला. दुसऱ्या ओळीत गेज ग्लासचा. पप्पांनी थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. 

"शब्दांची फाईल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ती... गेली वाटतं."

"कशानं?"

"अपडेटनं."

"मेघा, अपडेट युजर लोकलमध्ये पाय टाकत नाही. काकांनी तुला सांगितलं, तू मला सांगितलंस. सिस्टमचा आवाज अपडेटनं बदलेल. पण आपल्या खोलीत ती शिरलीच कशी?"

 लिनक्सच्या त्या एका रिवाजाने मला पकडलं होतं. मी रडत सगळं सांगितलं, साफसफाई, दोन-दोन, पुसलं ते. आई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "मीच बोललेली तिला, दोन-दोन ठेवू नको म्हणून. पोरीचा काय दोष नाय," ती म्हणाली. पप्पांनी हात वर केला आणि ती गप्प झाली. रामसजीवन उठून चपला शोधायला लागला. "बैठ," पप्पा त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले, म्हणजे माझा हुंदका जिथून येत होता तिकडे.

"पुसलंस, त्याचं एवढं नाही. माणूस चुकतो. मी स्वतः एकदा व्हॉल्व्ह उलटा फिरवलाय. पण काल 'हा कोण' म्हणून विचारलं, तेव्हा खोटं बोललीस. मला दिसत नाही, म्हणून माझ्यापाशी खोटं चालतं?"

 मला मारलं असतं तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पप्पांनी मला शब्दांच्या फाईलचं काम कसं चालतं ते सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. फाईल कशी उघडायची, ओळ कशी घालायची, कमांड कोणती. एवढे दिवस तो भाग माझा होता. आता त्यांनी प्रत्येक गोष्ट स्वतः टाइप करून पाहिली. मग म्हणाले, "रूटचा पासवर्ड मी बदलतोय. तोंड फिरव." मी खुर्चीच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. कळा वाजल्या. पुठ्ठ्यावरचा जुना पासवर्ड त्यांनी माझ्याच हाताने खोडायला लावला.

गुरुवारपर्यंत तीन दिवस. चारशे शब्द, आणि वहीत त्यातले जेमतेम तीस. पप्पा आठवून आठवून सांगू लागले, पण कोणता शब्द शेवटी कोणत्या ठेक्यात बसवला होता ते सगळं त्यांनाही आठवेना. आणि तिथे रामसजीवनने आम्हाला थक्क केलं. उंबऱ्यावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "सर, भाऊजी ऐसा नहीं बोलता था," आणि पाठ म्हणायला लागला. मराठी त्याला आमच्याकडे आल्यावरच आली होती. ती त्याने ऐकली कुणाकडून? पप्पांपेक्षा भाऊजींकडूनच जास्त, कारण भाऊजी हवं तितक्या वेळा तेच तेच म्हणत. त्यामुळे या भय्याची मराठी सपाट, भरधाव आणि बारा महिने सर्दी झालेली होती! पाण्याची पातळी, गेज ग्लास, ब्लो डाऊन, सगळं भाऊजींच्या ठेक्यात, जिथे ते श्वास घेत तिथे हाही थांबत होता. आई आतून पदर तोंडाला लावून हसत होती. पप्पाही हसले. "चल, पहिल्या पानापासून म्हण," ते म्हणाले.

तीन दिवस रामसजीवन पाळी संपवून येई आणि पाठ म्हणे, मग तीच ओळ भाऊजींना वाचायला लावायची. ज्या शब्दाशी खरे भाऊजी अडखळत तिथे पप्पा थांबवत, ओळ टाइप करत, कमांड देत. पासवर्डाची वेळ आली की मी भिंतीकडे वळायची. त्यांना मी सांगायची ती फक्त खूण, कोणत्या उच्चाराला कोणतं अक्षर. बाकी त्यांचं ते. आई मधूनच सुकटीची चटणी आणि भाकरी आणून ठेवायची आणि म्हणायची, "खावा आता, त्या मेल्याला काय भूक लागत नाय." बुधवारी संध्याकाळी टिपणं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लावली. एकही शब्द अडखळला नाही. माझं मन मात्र हलकं झालं नव्हतं. पप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

गुरुवारी चार वाजता साहेब आले. एक जाडसर, घाम पुसणारे, दुसरे तरुण, हातात डायरी. पोरं चटईवर पाठ ताठ करून बसली होती. पप्पांनी शिकवलं, भाऊजींनी वाचलं. मोठे साहेब खूश दिसत होते. तरुण साहेबांनी मात्र डायरी मिटून विचारलं, "ही टिपणं तुमच्या मुलीने तयार केली असतील ना? म्हणजे, राग मानू नका. आमच्याकडे ती तर येणार नाही."  पप्पा म्हणाले, "तुम्ही विषय सांगा, मी आत्ता लिहितो." साहेब म्हणाले, "बॉयलरमधलं पाणी कमी झालं तर फ्युजिबल प्लग काय करतो, ते लिहा."

 फ्युजिबल प्लग हा शब्द आम्ही घातलेलाच नव्हता. टिपणांत त्याला सगळीकडे शिशाचा प्लग म्हटलेलं होतं, पप्पांच्या कारखान्यात तसंच म्हणत. पप्पांनी सहा ओळी टाइप केल्या, झरझर. भाऊजींना वाचायला सांगितलं. चार ओळी छान गेल्या आणि पाचव्या ओळीत त्यांनी फ्युजिबलचं असं काही केलं की तरुण साहेबांना हसू आवरेना. चटईवर रामसजीवनने डोळे मिटून घेतले. माझे हात आपोआप कीबोर्डकडे निघाले होते. पप्पांनी डावा हात आडवा धरला. मला थांबवायला.

मग त्यांनी शब्दांची फाईल उघडली. शेवटच्या ओळीवर गेले. शब्द लिहिला, समोर खुणा घातल्या. कमांड दिली. पासवर्ड मागितला गेला, त्यांनी टाइप केला. मी सवयीने भिंतीकडे वळले, साहेबांना वाटलं असेल ही पोरगी लाजते. भाऊजींना पुन्हा वाचायला लावलं. फ्युजिबल स्वच्छ निघाला. पप्पा म्हणाले, "साहेब, नवीन पोरगा असो की मशीन, पहिल्यांदा शब्द चुकतोच. चुकला की शिकवायचं. हेच काम तुमच्याकडे करायचं ना मला?" मोठे साहेब उठले आणि त्यांनी पप्पांचा हात हातात घेतला. आठवड्यातून तीन दिवस, पुढच्या महिन्यापासून. आई आत देवापुढे साखर ठेवायला पळाली.

त्या दिवशी माझी चूक पप्पांच्या कामी आली असं कुणी म्हणेल, आईने तर गल्लीभर तसंच सांगितलं. मला ते कधीच पटलं नाही. त्यांनी ते सगळं शिकून घेतलं ते माझ्यावर विसंबता येत नाही म्हणून. साहेबांसमोर आडवा झालेला तो हात मला अजून आठवतो.

दीड वर्ष गेलं. ट्रेनिंग रूममध्येही त्यांनी तसाच कॉम्प्युटर मागून घेतला. घरच्या मशीनवर काही बसवायचं असलं की मी कमांड लिहायची, पासवर्डाची वेळ आली की खुर्ची सोडून भिंतीकडे वळायची, पप्पा टाइप करायचे. खरं तर ते बोटं लपवत नव्हते, आणि मी बघते की नाही हे त्यांना कळणारही नव्हतं. नुसती नजर खाली केली असती तरी पासवर्ड मिळाला असता. पण मी प्रत्येक वेळी वळायची. त्या दीड वर्षात हे आमच्यात कधी बोललं गेलं नाही.

मग मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मशीन शेवटचं बघून घेत होते. वही पुढे उघडी होती, त्या दीड वर्षातली प्रत्येक ओळ माझ्या नीट अक्षरात. आई ट्रंकेत पापड-लोणची कोंबत होती. एक छोटासा बदल करायचा होता, मी कमांड दिली, उठले आणि भिंतीकडे तोंड केलं. "टाका पप्पा," म्हटलं.

कळा वाजल्या नाहीत.

"दर वेळी तुझा आवाज भिंतीवर आपटून येतो," पप्पा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मला वाटलं होतं, आठ दिवसांत सोडून देशील."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना, तोंड फिरव म्हणून."

"सांगितलं होतं. पण मला दिसत कुठं होतं?" ते म्हणाले. "ये. इकडं तोंड कर. माझ्या बोटांकडं बघ."

मी वळले. पप्पांनी एकेक कळ सावकाश दाबली, अगदी भाऊजींना नवा शब्द शिकवावा तशी, आणि प्रत्येक कळेनंतर मला बघायला वेळ दिला. तो पासवर्ड त्यांनी अजूनही बदललेला नाही, म्हणून तो इथे लिहीत नाही.